‘एनए’ म्हणजे शून्य नव्हे

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा लागते. कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांतून स्पंज लोखंड काढणारे कारखाने, रोलिंग मिल आणि त्यांच्या जोडीचे वीजप्रकल्प यांची ही औद्योगिक वसाहत. येथे ‘सिलतरा फेज-२’ या नावाने छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाचे हवा मोजणारे स्वयंचलित केंद्र आहे. त्याची मोजमापे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात आणि देशभरातील इतर केंद्रांच्या मोजमापांसह सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर कोणालाही उपलब्ध होतात. प्रत्येक ओळीत राज्य, शहर, केंद्र, वेळ, प्रदूषकाचे नाव आणि किमान, कमाल व सरासरी असे तीन आकडे. एखादे मोजमाप मिळाले नसेल, तर आकड्याच्या जागी ‘एनए’ ही दोन रोमन अक्षरे येतात. या दोन अक्षरांचे पुढे काय होते, याकडे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे फारसे लक्ष जात नाही. ते जायला हवे.

अशी माहिती हाताने वाचून कोणी आज्ञावली लिहीत नाही. माहितीचा आराखडा, म्हणजे स्कीमा, एका कोड जनरेटरला दिला जातो. कोणत्या रकान्यात संख्या, कोणत्यात मजकूर, कोणत्यात ठरावीक नावांपैकी एक, हे त्यात लिहिलेले असते. जनरेटर प्रत्येक प्रकाराचे नाव स्वतःच्या कोष्टकात शोधतो आणि हव्या त्या संगणकभाषेत त्याला साजेसा साचा तयार करतो. आराखडा प्रसिद्ध झालेला नसेल, तर काही साधने दोन-चार नमुना ओळींवरूनच तो ओळखू पाहतात. नमुन्याच्या दिवशी सर्व यंत्रे नीट चालू असली, की निष्कर्ष निघतो : हा रकाना संख्येचा. पुढे कधीतरी तेथे ‘एनए’ येते. कोष्टकात त्याला जागा नसते.

या एका प्रसंगात तीन वेगवेगळे बिघाड एकमेकांत मिसळतात आणि चर्चेतला निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो. पहिला बिघाड आराखड्यातलाच : एका जागी एखाद्या प्रकाराचे नाव घेतले आहे, पण त्याची व्याख्या कोठेच नाही. दुसरा नावाचा : वस्तू तीच, नाव निराळे. पाठ्यपुस्तकातून आलेला विद्यार्थी ओझोनसाठी कोष्टकात त्याचे रासायनिक सूत्र लिहितो. सरकारी ओळीत मात्र ओझोनचे पूर्ण नाव असते. तसेच ‘पीएम २.५’ या नावातला दशांशबिंदू. बहुतेक संगणकभाषांत चलाच्या नावात बिंदू चालत नाही, म्हणून जनरेटर तो गाळतो किंवा त्या जागी अधोरेषा घालतो. एका साधनाने गाळलेला बिंदू दुसऱ्या साधनाला सापडत नाही आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. तिसरा बिघाड मूल्याचा : नाव ओळखीचे, रकाना ओळखीचा, आत आलेली गोष्ट अनोळखी.

प्रकार सापडला नाही, तर जनरेटरने काय करावे? प्रचलित उत्तर असे, की काम अडू देऊ नये. म्हणून कित्येक साधने अशा जागी ‘काहीही चालेल’ असा सर्वसमावेशक प्रकार बसवतात आणि पुढे जातात. इशाऱ्याची एखादी ओळ पडद्यावरून सरकते. ती वाचणारे थोडे. येथवरही फारसे बिघडलेले नसते. बिघडते ते पुढच्या पायरीवर, कारण ‘काहीही’ला आकडेमोडीत जाताना संख्या व्हावेच लागते. जावास्क्रिप्टमध्ये ‘एनए’चे संख्येत रूपांतर केले, तर ‘संख्या नाही’ असे एक विशेष मूल्य मिळते, आणि त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर नकारार्थीच येते. ‘सरासरी साठपेक्षा अधिक आहे का?’ ‘नाही.’ म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी ओळ कधीच वाजत नाही. याला कंटाळलेला प्रोग्रामर मग ‘नसेल तर शून्य धर’ अशी पुस्ती जोडतो. गो या भाषेत तेवढेही कष्ट नाहीत. ओळीत रकानाच नसेल तर संख्येची जागा आपोआप शून्याने भरलेली असते.

हवेच्या मोजमापात शून्याइतके घातक खोटे दुसरे नाही. राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. त्या मापपट्टीवर शून्य म्हणजे निर्मळ हवा. भट्ट्यांच्या शेजारच्या वस्तीत यंत्र बंद पडते आणि नकाशावर त्या ठिकाणी हिरवा ठिपका उमटतो. मासिक सरासरी खाली येते. ती सरासरी एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात जाते आणि तेथून कोणाच्या तरी युक्तिवादात. यात कोणी खोटे बोललेले नसते. एका कोष्टकात एक नाव सापडले नाही, एवढेच घडलेले असते.

विज्ञानाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आहे आणि योगायोगाने तेही ओझोनचेच. मे १९८५मध्ये ‘नेचर’मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रातल्या मोजमापांवरून वसंत ऋतूत ओझोनची मोठी घट होत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी अमेरिकेचा निम्बस-७ उपग्रह १९७८पासून तेच वातावरण वरून मोजत होता. मग त्याने ही घट आधी का सांगितली नाही? लोकप्रिय कथा अशी, की नासाच्या आज्ञावलीने कमी आकडे फेकून दिले. वस्तुस्थिती अधिक बोधक आहे. १८० डॉबसन एककांहून कमी आलेल्या नोंदींवर आज्ञावली ‘संशयास्पद’ अशी खूण करीत होती, कारण तेवढा कमी ओझोन कोणी पाहिलाच नव्हता. परंतु मूळ नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. म्हणूनच त्या पुन्हा तपासता आल्या आणि ओझोनचे विवर केवढ्या विस्ताराचे आहे, हे उपग्रहाच्याच नोंदींतून जगाला दिसले. त्या जागी कोणी एखादे ‘सोयीचे’ मूल्य भरले असते, तर परत जाण्याची वाट उरली नसती. खूण करणे आणि मूळ नोंद राखणे, या दोन कृतींनी ते संशोधन वाचवले. खूण पाहून वेळेवर विचारणारा माणूस मात्र त्यांच्याही जवळ हवा होता.

जीवशास्त्रज्ञांनी याच्या उलट टोकाचा अनुभव घेतला. एक्सेलने ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ ही जनुकांची नावे तारखा समजून बदलली. प्रकार अनोळखी होता, पण साधनाने अज्ञान कबूल करण्याऐवजी अंदाज केला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे दोष आढळले. अखेर २०२०मध्ये मानवी जनुकांना नावे देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. साधनाच्या हट्टापुढे विज्ञानाने आपली परिभाषा वाकवली, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. (आणि ‘एनए’ हे नामिबियाचे दोन अक्षरी अधिकृत चिन्हही आहे. पायथनच्या लोकप्रिय पांडास ग्रंथालयात फाईल वाचताना वेगळी सूचना दिली नाही, तर तो सबंध देश ‘माहिती नाही’ होऊन जातो.)

या अनुभवांवरून निघणारा नियम एकच नाही. तो बिघाडाच्या जागेवर अवलंबून आहे. आराखड्यात ज्याची व्याख्याच नाही असा प्रकार आला, तर जनरेटरने तेथेच थांबावे आणि कोणत्या फाईलमध्ये, कोणत्या ओळीवर, कोणते नाव सापडले नाही, हे सांगावे. शक्य असेल तर जवळची नावेही सुचवावीत; मात्र त्यातले एक परस्पर निवडू नये. गूगलच्या प्रोटोकॉल बफर्सचा कंपायलर असेच करतो : व्याख्या नसलेले नाव दिसताच तो एकही फाईल तयार न करता थांबतो. त्या वेळी थांबण्याची किंमत एका माणसाच्या दुपारभराच्या कामापेक्षा अधिक नसते.

प्रत्यक्ष वाहत्या माहितीपुढे हा करडेपणा चालत नाही. देशभरातील केंद्रांच्या ओळींत एके ठिकाणी ‘एनए’ आले म्हणून सारा प्रवाहच बंद पाडणे हा दुसरा अतिरेक. सिलतऱ्याचे यंत्र बंद असताना भाटागावचा आकडा कोणी दडपू नये. येथे अनोळखी मूल्य जसेच्या तसे, ‘अनोळखी’ या नावाने पुढे न्यायला हवे. प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीने आरंभी अनोळखी रकाने टाकून देण्याचे धोरण स्वीकारले होते. २०१७मध्ये ते मागे घेऊन रकाने राखून ठेवण्याकडे परतावे लागले. त्याच आवृत्तीत साधा संख्येचा रकाना ‘शून्य’ आहे की ‘भरलेलाच नाही’, हे ओळखण्याची सोयही आधी काढून टाकली होती आणि २०२१मध्ये ती परत आली. एवढ्या मोठ्या साधनालाही या दोन्ही गोष्टी अनुभवातूनच परत आणाव्या लागल्या. टाइपस्क्रिप्टमध्ये २०१८पासून ‘काहीही’ आणि ‘अज्ञात’ हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. पहिला सर्व तपासण्या शिथिल करतो. दुसरा म्हणतो, आधी तपासा, मग वापरा. जनरेटरने पर्यायी प्रकार म्हणून दुसराच निवडावा.

यावर नेहमीचा आक्षेप जॉन पोस्टेल यांच्या १९८०मधल्या सूत्राचा : देताना काटेकोर असावे, घेताना उदार. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत त्या उदारपणाने पुष्कळ काम झाले, यात शंका नाही. परंतु चूक निमूटपणे स्वीकारली, की ती करणाऱ्याला कधीच कळत नाही आणि कालांतराने ती चूकच प्रमाण होऊन बसते. जून २०२३मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने प्रसिद्ध केलेल्या एका दस्तऐवजात या सूत्राच्या सरसकट वापराबद्दल हाच आक्षेप सविस्तर मांडला आहे. उदारपणा हवाच असेल तर तो लेखी असावा. अमुक नाव न सापडल्यास अमुक प्रकार धरावा, हे एखाद्या माणसाने व्यवस्थापन फाईलमध्ये नावानिशी लिहिलेले असावे आणि असे किती वेळा घडले त्याची मोजदाद अहवालाच्या पहिल्या पानावर यावी.

हे सारे अव्यवहार्य वाटत असेल, तर भारताचा स्वतःचा वायू गुणवत्ता निर्देशांक पाहावा. २०१५पासून लागू असलेल्या या पद्धतीत किमान तीन प्रदूषकांची माहिती असल्याशिवाय निर्देशांक काढता येत नाही, त्यांत पीएम २.५ किंवा पीएम १० असलेच पाहिजे, आणि मोजमापे किमान सोळा तासांची हवीत. अट पुरी झाली नाही, तर आकड्याऐवजी ‘अपुरी माहिती’ असे दाखवले जाते. ज्यांनी ही अट लिहिली त्यांना नकार देण्याचे मोल ठाऊक होते. पण हा शहाणपणा मंडळाच्या गणनेत राहतो. खुल्या ओळी घेऊन स्वतःचे साधन बनवणाऱ्यापर्यंत तो आपोआप पोहोचत नाही, कारण जनरेटर केवळ आराखडा वाचतो, मार्गदर्शिका वाचत नाही.

म्हणून उरलेले काम माहिती देणाऱ्याचे आहे. यंत्राची वीज गेली, अंशशोधन चालू होते, संपर्क तुटला की आलेला आकडा तपासणीत बाद झाला, या सर्वांना आज एकच ‘एनए’ आहे. कारण सांगणारा रकाना त्या ओळीत नाही. आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एफएचआयआर या मानकात मूल्य का नाही, हे सांगणारी ठरावीक कारणांची यादी आहे : विचारले पण कळले नाही, मुद्दाम झाकले, प्रणालीला झेपत नाही, बिघाड झाला. शिवाय ज्याचा अर्थ न समजता पुढे जाणे धोक्याचे, अशा पुरवण्यांवर तेथे वेगळी खूण असते, आणि ती न समजणाऱ्या प्रणालीने नोंदीवर प्रक्रिया करणे थांबवावे, असा दंडक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी या मानकाची भारतीय मार्गदर्शिका पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्राने तयार केली आहे. रुग्णाच्या रक्तातली साखर का नोंदली गेली नाही, हे ज्या देशाच्या आराखड्यात लिहिता येते, त्याच देशाच्या दुसऱ्या आराखड्यात सिलतऱ्याची धूळ का नोंदली गेली नाही, यासाठी एक रकाना वाढवायला नवे विज्ञान लागत नाही.