मन वळवण्याची शाळा गुप्त नाही

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘लेक्सिकॉन’ ही इंग्रजी कादंबरी २०१३ साली आली. तिच्यात अमेरिकेत एक गुप्त शाळा आहे. शब्दांच्या जोरावर माणसाचं मन ताब्यात कसं घ्यायचं, हे तिथे हुशार मुलांना शिकवतात. गोष्ट कल्पित आहे. पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि याच्या जवळ जाणारी एक खरी शाळा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात गुप्त काहीच नव्हतं.

१९९८ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी ‘पर्स्वेसिव्ह टेक्नॉलॉजी लॅब’ सुरू केली. संगणकाच्या मदतीने माणसाचं वागणं कसं बदलता येतं, हा तिथला विषय. २००७ साली त्यांच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी फेसबुकसाठी बनवलेली ॲप्स काही आठवड्यांतच लाखो लोकांपर्यंत पोहोचली. इन्स्टाग्रामचे सहसंस्थापक माइक क्रीगर फॉग यांच्याकडेच शिकले. पुढे याच तंत्रांवर जाहीर टीका करणारे ट्रिस्टन हॅरिसही तिथलेच विद्यार्थी.

फॉग यांचं सूत्र सोपं आहे. इच्छा, सोय आणि इशारा या तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्या की माणूस कृती करतो. मनात भावना हवी, करणं सोपं हवं आणि ‘आता कर’ असं सांगणारं काहीतरी समोर हवं.

हे सूत्र आपल्याकडे काय करू शकतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होती. लेकरांची काळजी ही इच्छा, फॉरवर्डचं बटण ही सोय आणि खिशात वाजणारा फोन हा इशारा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेल्या मेसेजसाठी ती एकावर आली. असे मेसेज सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. लोकांचे स्वभाव तेच होते, फक्त सोय कमी झाली.

आता आपल्याबद्दल बोलू. मुसलमानांविरुद्ध गरळ ओकणारा व्हिडिओ येतो. आपली मुलं चिडतात, ‘बघा, हा काय बोलतोय’ असं लिहून दहा ग्रुपवर टाकतात. पण शिवी देऊन केलेला शेअरही मशीनच्या मोजणीत शेअरच असतो. व्हिडिओ बनवणाऱ्याने आपला राग आधीच हिशेबात धरलेला असतो. त्याचा प्रचार आपण फुकटात करतो. वर आपणच म्हणतो, ‘सगळा मीडिया मॅनेज आहे.’ त्या म्हणण्यात तथ्य असेलही, पण ते म्हणून झाल्यावर हातात काय उरतं?

मन वळवणं हे मुळात पाप नाही. मुलीला शाळेतून काढू नका, असं बापाला पटवणारी शिक्षिकाही तेच करते. फरक ओळखायला माझी एक कसोटी आहे. समोरच्याला ‘मी तुझं मन असं वळवतोय’ हे उघड सांगता येतं का? सांगूनही ते पटत असेल, तर ते प्रामाणिक आहे. लपवावं लागत असेल, तर तो सापळा आहे.

म्हणून मित्रांनो, ही विद्या आपणही शिकू या. पुढच्या स्टडी सर्कलला ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ घ्या. त्याने कोणती भावना पेटवली, कोणती सोय दिली, इशारा कुठे होता, हे कागदावर लिहा. मग दुसरा कागद घ्या. आपल्या मोहल्ल्यातल्या शिष्यवृत्तीचे फॉर्म वेळेत भरले जावेत म्हणून हीच तीन कलमं कशी वापरता येतील, ते मांडा आणि त्याच आठवड्यात करून बघा.