रणांगणापूर्वीचे बलिदान

रणांगणावर शत्रूशी लढताना जो पडतो, त्याला जग वीर म्हणते. त्याच्या पराक्रमाचे पोवाडे गाइले जातात, चौकात त्याचा पुतळा उभा राहतो. परंतु युद्धाची विद्या शिकत असतानाच ज्याचा प्राण जातो, त्याचे काय? 'बिचारा अपघातात गेला,' एवढे म्हणून लोक त्याला विसरतात. हे विसरणे न्याय्य नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हैदराबाद संस्थानात होते. संस्थानच्या राजधानीलगत बेगमपेठ येथे नव्या वैमानिकांना उड्डाणाचे पहिले धडे मिळत. शिकण्याचे विमान असे टायगर मॉथ. त्याचे पंख दुहेरी व कापडाने मढवलेले असत. पुढेमागे दोन बैठका. एकीवर शिक्षक, दुसरीवर विद्यार्थी. काही दिवसांनी शिक्षक खाली उतरे आणि विशीतला तरुण एकटाच आकाशात झेप घेई. समोर शत्रू नसे, पण संकट असे. इंजिन बंद पडले, धुक्यात वाट चुकली किंवा उतरताना अंदाज हुकला, तर प्रसंग प्राणावर बेते.

या शिक्षणाची किंमत फार मोठी होती. त्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाचे पाच हजारांहून अधिक लोक प्रशिक्षणातील अपघातांत मृत्यू पावले. अमेरिकेच्या भूमीवर सैनिकी विमानांच्या अपघातांत सुमारे पंधरा हजार माणसे गेली. त्यांतील कित्येकांना शत्रूचे दर्शनही झाले नव्हते.

भारतीय वायुदलाने हे दुःख महायुद्धापूर्वीच सोसले होते. 8 ऑक्टोबर 1932 रोजी हे दल स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पाच वैमानिकांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग हे दोघे 1933 सालीच विमान-अपघातात मरण पावले. त्यांचे सोबती सुब्रतो मुखर्जी 1954 मध्ये वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना सुब्रतो चषक ठाऊक असतो; त्या दोघा सोबत्यांची नावे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असतात.

कोणी म्हणेल, अपघातात पराक्रम कोठला? परंतु काल सोबत्याचे विमान कोसळलेले पाहिले असताना आज पुन्हा विमानात चढणे, हा पराक्रमच होय. शिवाय असे मरण व्यर्थ जात नाही. 1944 मध्ये भारतात सरावाच्या वेळी लाकडी बांधणीच्या काही मॉस्किटो विमानांचे पंख हवेतच तुटले. तेव्हा त्या विमानांची उड्डाणे थांबवून तपास करण्यात आला आणि लाकडाचे सांधे चिकटवण्यातील दोष उघडकीस आला. जे गेले ते परत आले नाहीत. पण त्यांच्या मरणाने मागून येणाऱ्यांना सावध केले.

पुण्याजवळ खडकी येथे युद्धकाळातील सैनिकांची एक स्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेंहून अधिक सैनिक तेथे चिरनिद्रा घेत आहेत. त्यांत वायुसैनिकही आहेत. अधिकारी असो वा साधा शिपाई, स्मरणाचा मान सर्वांना सारखाच. कोण लढाईत पडला, कोण आजाराने गेला आणि कोण सरावात गेला, यावरून तो मान कमी-अधिक केलेला नाही. हीच दृष्टी खरी होय.

संभाजीनगरच्या शाळांच्या सहली पुण्यास जातात. शनिवारवाडा पाहून मुले परततात. एखाद्या सहलीने खडकीसही जावे. तेथील एखादे नाव वाचावे, त्याखालचे वय पाहावे आणि क्षणभर स्तब्ध उभे राहावे. चिकलठाण्याच्या विमानतळावरून आज विमान निर्धास्त उडते. त्या निर्धास्तपणामागे अनेक अपघातांनी शिकवलेले धडे आहेत. ते धडे ज्यांनी प्राण देऊन शिकवले, ते गुरूच होत. आणि गुरूंना विसरणे विद्यार्थ्यांस शोभत नाही.