मूळ फोटो जपून ठेवा

सुट्टीत आजी दुबईला आली होती. आम्ही बर दुबईहून अब्रात बसून खाडी ओलांडली आणि देराला गेलो. तेव्हा काढलेला आजीचा फोटो मी मोबाईलवर ‘सुधारला’. तिच्या सुरकुत्या घालवल्या, धुळकट आकाश निळे केले, मागचे अनोळखी लोक पुसून टाकले. आजी फोटो पाहून म्हणाली, “छान आहे रे, पण ही बाई कोण?” सगळे हसले. मला मात्र वाईट वाटले. जागा हवी म्हणून मूळ फोटो मी आधीच काढून टाकला होता. आता आजी साताऱ्याला परत गेली आहे.

फोटो सजवणे वाईट नाही. पूर्वी स्टुडिओत कृष्णधवल फोटो हाताने रंगवत असत. ‘फोटोशॉप’ तर १९९० साली आले. पण माझे मत असे, की आधी प्रत काढावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याला विचारावे. बदनामीसाठी फोटोत फेरफार करणे हा इथल्या २०२१ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

आणि सुरकुत्या पुसू नयेत. आजी सुरकुत्यांसकटच आपली असते. तुम्हाला काय वाटते?