‘आता या वयात कशाला?’

आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर निघाला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “आता या वयात कशाला त्रास द्यायचा?” काही घरांत हे वाक्य खरंच मायेचं असतं. पण तालुक्याच्या गावात वीस वर्षं पत्रकारिता करताना मी बघतोय, की या एका वाक्यावर फाईल बंद होते आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला कुणी विचारतही नाही.

आज लिहितोय ते लिम्फोमाबद्दल. म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ, अधूनमधून ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उतरत जाणारं वजन. याचे प्रकार बरेच. काही इतके सावकाश चालतात की डॉक्टर वर्षानुवर्षं औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. वेगानं वाढणाऱ्यांत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’. हा उपचाराविना सोडला तर बहुतेकदा काही महिन्यांचाच प्रश्न असतो.

आणि उपचार केले तर? भावना बाजूला ठेवून आकडे बघू. २००२ मध्ये फ्रान्सच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९९ रुग्ण, सगळे ६० ते ८० वयाचे. निम्म्यांना ‘चॉप’ नावाची जुनी केमो, निम्म्यांना त्याच केमोसोबत रिटुक्सिमॅब. दोन वर्षांनंतर नुसत्या केमोवाल्यांपैकी ५७ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ७० टक्के. दहा वर्षांनंतरही दुसऱ्या गटातले शंभरात चाळीसहून जास्त हयात होते.

“८० च्या पुढं काय?” त्याचंही उत्तर आहे. २०११ मध्ये फ्रान्समधल्याच डॉक्टरांनी ८० वर्षांवरच्या १४९ रुग्णांना केमोचा डोस कमी करून दिला. ‘मिनी-चॉप’ म्हणतात त्याला. दोन वर्षांनंतर ५९ टक्के हयात होते. दोन वर्षं म्हणजे दोन आषाढी, दोन दिवाळ्या. ज्याच्या वाट्याला त्या येणार, त्यानंच त्यांची किंमत ठरवावी ना?

प्रत्येकाला केमो द्याच, असं मी म्हणत नाही. यातल्या एका औषधाचा हृदयावर ताण येतो, पांढऱ्या पेशी घटतात, साधा ताप जिवावर बेतू शकतो. एखाद्या आजोबांनी सगळं समजून घेऊन “नको” म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे, आणि मग वेदना कमी करणारी चांगली सेवा मिळणं हाही हक्कच. माझं म्हणणं एवढंच, की निर्णय जन्मतारखेवर होऊ नये. माणूस स्वतः अंघोळ करतो का, बाजारात जाऊन येतो का, हिशेब लक्षात राहतो का, गेल्या काही महिन्यांत पडला का, जेवण किती, गोळ्या किती, हे तपासून ठरवायची पद्धत आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी अशी वेगळी सोय आहे. रोज शेतावर जाणारा ७८ वर्षांचा माणूस आणि खाटेला खिळलेला ६५ वर्षांचा माणूस यांना एकाच तराजूत कसं तोलायचं?

आपल्या भागात खरी अडचण तिथवर पोचण्याचीच आहे. मानेत गाठ म्हटली की टीबी. शंका चुकीची नाही, आपल्याकडं टीबी आहेच. पण बायोप्सी न करता महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर तोवर लिम्फोमा पसरतो. सुईनं पाणी काढून केलेली तपासणी बऱ्याचदा पुरत नाही. गाठ काढून तपासावी लागते.

मग पैसे. रिटुक्सिमॅब पूर्वी फार महाग होतं. २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीनं भारतीय पर्याय आणल्यावर किंमत खाली आली. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण किती घरांत हे कार्ड काढलंय? आजार निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढा.

आणि अंतर. दर २१ दिवसांनी एक, अशा साधारण सहा फेऱ्या. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, हे चांगलंच. पण केमोनं प्रतिकारशक्ती घटलेल्या म्हाताऱ्याला खच्चून भरलेल्या गाडीत पाच तास बसवायचं? मध्येच उपचार सुटतात ते इथं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उभारायची घोषणा झाली, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. केंद्र म्हणजे नुसती फीत कापलेली खोली नव्हे. औषधं, प्रशिक्षित नर्स आणि रात्री ताप आला तर उचलला जाणारा फोन, हे तिन्ही हवं. आमदार-खासदारांना हे विचारायचं काम आपलं.

तुमच्या घरात अशी वेळ आली तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: प्रकार नेमका कोणता? बरा होण्यासारखा आहे का? कमी डोसचा पर्याय आहे का? आणि हे विचारताना ज्यांचा आजार आहे त्यांना खोलीबाहेर बसवू नका.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात केमोची सोय प्रत्यक्षात सुरू आहे का, ते खाली लिहा. मी यादी करतोय.