साक्षात्काराची कसोटी : वऱ्हाडातील अनुभवपरंपरेचे खंडनमंडन

माणसाला अंतिम सत्याचा थेट प्रत्यय येऊ शकतो आणि त्या प्रत्ययाने त्याची जाणीव मुळापासून पालटते, हा साक्षात्कारी परंपरांचा मूळ दावा आहे. त्यावर बुद्धिवादी तीन आक्षेप घेतात, आणि भाविक दोन प्रकारे त्याचा विपर्यास करतात. अमरावती-अकोला भागातील संतांच्या उदाहरणांवर हे पाचही पक्ष तपासले, तर एक सिद्धांत टिकतो : अंतःपरिवर्तनाचे प्रमाण अनुभवाच्या वर्णनात नाही, अनुभवानंतर पालटलेल्या आणि तशाच राहिलेल्या आचरणात आहे.

पहिला आक्षेप असा, की साक्षात्कार म्हणजे बुद्धीला दिलेली सोडचिठ्ठी. चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे या आक्षेपाला सरळ उत्तर आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने चौतीस वर्षांच्या आयुष्यात मराठी, हिंदी आणि संस्कृतात विपुल ग्रंथरचना केली. डार्विन आणि स्पेन्सर यांची मते समजून घेऊन त्यांनी त्यांचा प्रतिवाद केला. तो प्रतिवाद आज सर्वांना पटेलच असे नाही. पण ज्याला तर्क नको असतो, तो प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकण्याचे कष्ट घेत नाही. त्यांचा ‘मधुराद्वैत’ सिद्धांतही युक्तिवादावर उभा आहे : अद्वैताचा बोध झाल्यावर भक्ती संपत नाही, उलट निर्हेतुक होते.

दुसरा आक्षेप मनोविकाराचा. गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत, सौभाग्यलेणी धारण करीत. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे समजत. मात्र एखादी मनोवस्था कशातून उपजली, एवढ्यावरून तिचे मोल ठरत नाही. विल्यम जेम्स यांनी १९०२ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हेच दाखवले : शारीरिक कारण पुढे करून श्रद्धा खोटी ठरवायची असेल, तर त्याच न्यायाने अश्रद्धाही खोटी ठरेल. म्हणून परिणाम पाहावे लागतात. विकार माणसाला बहुधा स्वतःतच कोंडतो. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळांतले गोविंदप्रभू मात्र अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जाऊन खातात, विटाळाची कुंपणे ओलांडतात. समाजाने ज्याला वेड म्हटले, त्यात आपपरभाव गळून पडला होता.

तिसरा आक्षेप पलायनाचा : साधक जगाकडे पाठ फिरवतो. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) तरुणपणी रानावनात साधना केली हे खरे. पण ती तिथे थांबली नाही. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, सामुदायिक प्रार्थना गावोगाव गेली, १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला आणि ‘ग्रामगीते’त स्वच्छता, शिक्षण, श्रम हे विषय अध्यात्माच्या जोडीने आले. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण याहून निर्णायक आहे. शेंडगावी जन्मलेला आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गुरे राखत, शेती करत वाढलेला हा माणूस १९०५ मध्ये घर सोडून निघाला. घर सुटले, ते लोकांत मिसळण्यासाठी. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला घाट बांधला गेला, तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या, कीर्तनांतून पशुबळी, दारू आणि कर्ज यांवर प्रहार झाले.

आता भाविकांचे दोन विपर्यास. चमत्कार हीच साक्षात्काराची खूण, हा पहिला. चमत्कार खरा मानला, तरी त्यातून फार तर सामर्थ्य सिद्ध होईल. लोभ, क्रोध, अहंता गेली हे सिद्ध होत नाही. गाडगेबाबांनी सिद्धीचा दावा केला नाही, शिष्य केले नाहीत, कोणाला पाया पडू दिले नाही. तरीही त्यांच्या परिवर्तनाबद्दल कोणी शंका घेत नाही.

सर्व पंथांचा अनुभव एकच, हा दुसरा विपर्यास ऐकायला उदार वाटतो. पण तो परंपरांचे म्हणणेच पुसून टाकतो. रिद्धपूर ज्यांचे महास्थान आहे, ते महानुभाव जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र नित्य पदार्थ मानतात. माधानची परंपरा अद्वैती आहे. हे भेद खरे आहेत आणि त्यांचा मान राखला पाहिजे. दोन्हींत समान आहे ती ‘मी’पणा झिजवण्याची साधना.

आचरणाची ही कसोटी परंपरेवर बाहेरून लादलेली नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान म्हणून जी लक्षणे सांगितली आहेत, ती अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा अशी आहेत; दृष्टान्त किंवा समाधीतला प्रकाश त्या यादीत नाही. ज्ञानेश्वरीने तर या लक्षणांचा, विशेषतः अहिंसेचा, मोठा विस्तार केला. नामस्मरण, कीर्तन, ध्यान या साधनांचे कार्यही यावरून कळते : रोजच्या आवर्तनाने लक्ष स्वतःभोवती फिरणे कमी होते आणि दुसऱ्याचे दुःख दिसू लागते.

यावर शेवटची शंका उरते : सदाचरण नास्तिकातही असते, मग साक्षात्काराचे काय सिद्ध झाले? आचरणावरून ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही, हे मान्यच करावे लागते. सिद्ध होते ते एवढेच, की जाणिवेचे परिवर्तन शक्य आहे आणि ही साधना त्याचा एक खरा मार्ग आहे. बुद्धिवाद्याला त्यामुळे हा मार्ग भ्रम म्हणून मोडीत काढता येत नाही, आणि भाविकाला केवळ अनुभव सांगून संतत्वावर हक्क सांगता येत नाही.