प्रादेशिक सेनेला परदेशी धाडायचे, तर आधी संसदेला विचारा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नागरिकहो,

हे आवाहन एकाच मागणीसाठी आहे. आपल्यातले जे तरुण नोकरी-धंदा सांभाळून टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे प्रादेशिक सेनेत आहेत, त्यांना देशाबाहेर लढाईवर पाठवायचे झाले तर संसदेची मंजुरी घेणे सरकारवर बंधनकारक असावे. आज तसे बंधन नाही. केंद्र सरकारचा एक आदेश निघाला की पुरते.

प्रादेशिक सेना म्हटले की बहुतेकांना महेंद्रसिंग धोनीचा मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आठवतो आणि गाडी तिथेच थांबते. प्रत्यक्षात हे दल पूर्णवेळ सैनिकांचे नाही. अधिकारी म्हणून जायचे तर स्वतःच्या कमाईचे साधन असावे लागते. वर्षातले काही आठवडे प्रशिक्षण, गरज पडली की बोलावणे, एरवी आपापले काम. मराठा लाईट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. छत्रपती संभाजीनगरला तर तिची पर्यावरण बटालियन झाडे लावते. सकाळची बदलापूर लोकल पकडून कामावर जाणारा, आनंदनगर एमआयडीसीत शिफ्ट करणारा किंवा कॅम्प पाचमध्ये जीन्सचा कारखाना चालवणारा माणूसही या सेनेत असू शकतो. असे करावेसे वाटणाऱ्या कोणालाही मी अडवणार नाही, उलट जरूर जा म्हणेन.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रादेशिक सेना अधिनियम 1948 चा. त्याच्या कलम 7 मध्ये, या सेनेतल्या कोणालाही भारताच्या हद्दीबाहेर लष्करी सेवा करायला लावता येणार नाही, असे चांगले शब्द आधी येतात. मग लगेच अपवाद येतो: केंद्र सरकारचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश असेल तर लावता येईल. तो आदेश संसदेपुढे ठेवण्याची अट या कलमात नाही. किती दिवसांसाठी आणि कोणत्या कारणासाठी, हे सांगण्याचीही सक्ती नाही. सोसायटीच्या इमारतीला रंग काढायचा तरी आपण सर्वसाधारण सभा बोलावतो, आणि इथे माणसे परदेशी धाडायची आहेत.

महाराष्ट्र सरकारने हे रोखावे असे कोणाला वाटत असेल तर तो रस्ता बंद आहे. संरक्षण, सैन्यदले, युद्ध आणि शांतता हे सगळे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत आहेत. विधानसभा फार तर ठराव करू शकेल. मात्र घटनेच्या अनुच्छेद 53 मध्ये सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे देतानाच, त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असेही लिहिले आहे. कायदा संसद करते. म्हणजे दार संसदेचे आहे, आणि आपण ठोठावायचे तेही तेच.

हा प्रश्न आपल्या मातीत नवा नाही. ऑगस्ट 1939 मध्ये, महायुद्ध सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, ब्रिटिश सरकारने केंद्रीय कायदेमंडळाची संमती न घेताच हिंदी फौजा इजिप्त आणि सिंगापूरकडे रवाना केल्या. वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यसमितीने त्याचा निषेध केला आणि आपल्या सभासदांना कायदेमंडळाच्या पुढच्या अधिवेशनावर बहिष्कार टाकायला सांगितले. 3 सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब खेर यांच्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळाने इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर राजीनामा दिला. भांडण मुख्यतः स्वातंत्र्याच्या आश्वासनाचे होते, हे खरे. पण आमची माणसे आम्हाला न विचारता कशी पाठवता, हा सवाल त्यात होताच.

त्या युद्धाच्या खुणा आपल्या पत्त्यांत आहेत. कल्याणजवळच्या या माळावर इंग्रजांनी लष्करी ट्रान्झिट कॅम्प उभारला, फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबे राहायला आली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. आजही आपण ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ म्हणतो आणि पत्त्यात बराक नंबर लिहितो. दोनच महिन्यांनी, 9 ऑक्टोबर 1949 ला, याच राजाजींनी प्रादेशिक सेनेच्या पहिल्या शिबिराचे उद्घाटन केले. तो दिवस ही सेना अजून स्थापना दिन म्हणून पाळते. तिकडे अंबरनाथचा आयुध निर्माणी कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यांनी कितीतरी घरे पोसली. लष्कराशी आपल्या तिन्ही शहरांचे नाते असे रोजच्या भाकरीचे आहे.

आदेशाने परदेशी पाठवण्याची वेळ येतच नाही, असे कोणी म्हणेल. ती येऊन गेली आहे. 29 जुलै 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना श्रीलंकेत उतरली. शांतता राखायला गेलेल्या फौजेला ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढावे लागले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर हजाराहून जास्त जवान मृत्युमुखी पडले होते. ‘ऑपरेशन पवन’ नावाच्या त्या मोहिमेत प्रादेशिक सेनेच्या तुकड्यांचाही सहभाग होता. आणि अगदी अलीकडे, मे 2025 मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला असताना, प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिले. 32 पैकी 14 इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्याची मुभा त्या अधिसूचनेत होती. ती तैनाती देशातल्याच लष्करी कमांडच्या क्षेत्रांत व्हायची होती, आणि देशावर संकट आले तर बोलावलेच पाहिजे. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती परक्या देशातल्या युद्धाला, तेही कोणाला न विचारता.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लष्करी हालचाल गुप्त आणि झटपट असावी लागते, संसदेत चर्चा करत बसलो तर झालेच. नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवमध्ये बंड झाले तेव्हा आग्ऱ्याहून छत्रीधारी सैनिक काही तासांत निघाले, हे उदाहरण मग दिले जाते. उदाहरण बरोबर आहे, पण ते कायम सैन्याचे आहे. कारखान्यातून, दुकानातून, ऑफिसातून माणूस बोलवायचा, त्याला हजर करून घ्यायचा, पुन्हा तयार करायचा, यात बराच वेळ जातो. 2025 चा आदेश तर राजपत्रात छापून वर्तमानपत्रांत आला होता. जे सगळ्या देशाने वाचले ते दोन्ही सभागृहांपुढे ठेवायला अडचण कसली?

संसद बोलली की त्याचा उपयोग होतो, हेही आपण पाहिले आहे. एप्रिल 2003 मध्ये इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध संसदेने एकमताने ठराव केला. पुढे अमेरिकेने भारतीय फौज मागितली. तीन महिन्यांनी, 14 जुलैला, वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवायला नकार दिला. सरकारला तो ठराव ओझे वाटला की आधार, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते आधारच.

अमेरिकेत हा वाद नॅशनल गार्डवरून चालू आहे. तिथल्या राज्यांच्या या दलाला परदेशी प्रशिक्षणासाठी पाठवण्यास गव्हर्नरने नकार देऊ नये, अशी तरतूद 1986 मध्ये झाली. मिनेसोटाच्या गव्हर्नरने तिला आव्हान दिले आणि 1990 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. आता अनेक राज्यांत विधेयके मांडली जात आहेत: काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, रीतसर युद्ध जाहीर केल्याशिवाय आमचे गार्ड लढाईवर जाणार नाहीत. तिथल्या काँग्रेसने रीतसर युद्ध शेवटचे जाहीर केले ते 1942 मध्ये. राज्यांच्या जोरावर ही लढाई कितपत जिंकता येईल, शंकाच आहे. म्हणून आपण थेट दिल्लीकडे बोट दाखवतो आहोत.

तर करायचे काय? उल्हासनगर आणि अंबरनाथ कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, बदलापूर भिवंडीत. म्हणजे आपल्याला दोन खासदार गाठायचे आहेत. कलम 7 मध्ये दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडावे, ते जमत नसेल तर निदान संरक्षण मंत्रालयाला प्रश्न विचारावा, अशी लेखी विनंती दोघांनाही करा. दुरुस्ती एवढीच: परदेशातल्या लढाईसाठीच्या आदेशाला दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. अधिवेशन चालू नसेल तर ठरलेल्या मुदतीत ती घ्यावी आणि न मिळाल्यास माणसे परत आणावीत. आपत्तीतले मदतकार्य आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांची सुटका यातून वगळावी, नाहीतर विरोधकांना आयते कोलीत मिळेल.

एमआयडीसीतल्या मालकांना आणि व्यापारी मंडळांना वेगळी विनंती. बोलावलेला माणूस सेवा संपवून आला की त्याला कामावर परत घेणे ही याच कायद्याच्या कलम 7अ ने तुमच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. ती आतापासून माहीत असू द्या.

पत्र मराठीत, सिंधीत, हिंदीत, कशातही चालेल. स्वतःच्या शब्दांत लिहा, छापील नमुन्यावर सह्या करून गठ्ठा पाठवू नका. तसे गठ्ठे कोणी उघडत नाही. घरातले कोणी प्रादेशिक सेनेत असेल तर तसे लिहा, पण त्याची बटालियन किंवा नेमणुकीचे ठिकाण लिहू नका. पत्र खासदारांच्या कार्यालयात हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.