फटफटी : हलकी कीं जड?

अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना हातीं पडला कीं पुष्कळ तरुणांची दृष्टि लांब पल्ल्याच्या अवजड मोटरसायकलीकडे वळते. हा मोह आम्हांस समजतो. होंडा कंपनीची गोल्ड विंग १९७५ मध्यें निघाली, ती अमेरिकेच्या सरळ व रुंद मार्गांवर नांवारूपास आली. आज तिचें वजन साडेतीनशें किलोंहून अधिक भरतें. पायानें मागें सारवत नाहीं म्हणून तिला उलट चालण्याची यंत्रसोय द्यावी लागली! वाऱ्याच्या झोतांत ती डगमगत नाहीं, मागें बसणाराही सुखांत असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु तसा रस्ता आपणांस कोठें आहे? मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीस मज्जावच आहे. राहिले आपले घाट. ताम्हिणींत आषाढामध्यें वळणावर थांबून पाय टेकावा, तों खालची खडी सरकते. आणि एकदां कलंडलेलें तें धूड निर्जन ठिकाणीं एकट्यानें उभें करणें अशक्यप्राय होतें. हिरोची एक्सपल्स दीडशें-एकशेंसाठ किलोंची, हिमालयन दोनशेंच्या आसपास. गाडीकडे पाठ करून, गुडघे वांकवून पायांच्या जोरानें रेटल्यास एवढें वजन धडधाकट तरुणास पेलतें.

म्हणून पालकांनीं दुकानांत अश्वशक्ति विचारण्यापूर्वीं चिरंजीवांस किंवा कन्येस एवढेंच विचारावें : टाकी भरलेली, सामान बांधलेली ही गाडी आडवी झाली तर तूं एकट्यानें उचलशील काय? आणि शिरस्त्राणाचे पैसे गाडीच्या किंमतींतच धरावे.